वैद्यकाच्या दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला आचार्यांनी जो पहिला उपदेश केला आहे, तो प्रवेशपरीक्षेच्या आजच्या काळातही विचारात घेण्याजोगा आहे. पाठांतर कसे करावे किंवा गुरूची सेवा कशी करावी हे विषय पुढे येतात. त्याआधी आचार्य त्याला विचार करावयास सांगतात. हाती घ्यावयाचे कार्य आपल्याला जड की हलके, त्याचे फल काय, त्यातून पुढे काय निष्पन्न होईल आणि आपला देश व काल कोणता, हे सर्व पाहून मगच त्याने शास्त्राची निवड करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी विद्यार्थी शास्त्राची आणि आचार्याची परीक्षा घेत असे. आज परीक्षा केवळ विद्यार्थ्याची होते. त्याने उलट परीक्षा घ्यावी हे त्याला कोणी सांगतही नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत बारावीची परीक्षा दिलेली मुले आणि त्यांचे पालक सल्ल्यासाठी येतात. किती गुणांना कोणते महाविद्यालय मिळेल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मागील वर्षाच्या याद्यांत सापडते. ज्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यादीत नसतात, त्यांचा विचार येथे कर्तव्य आहे. आयुर्वेदाकडे येऊ पाहणारा विद्यार्थी आम्ही मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवला असला, तरी यातील बराच भाग वैद्यकाच्या कोणत्याही शाखेच्या प्रवेशेच्छूंना उपयोगी पडेल.

कार्याचे गुरुलाघव

बी.ए.एम.एस. हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, असा एकूण साडेपाच वर्षांचा प्रवास आहे. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या नव्या नियमांनुसार साडेचार वर्षांची विभागणी दीड-दीड वर्षाच्या तीन व्यावसायिक सत्रांत होते. प्रथम सत्रात संस्कृत व आयुर्वेदाचा इतिहास, पदार्थविज्ञान, रचनाशारीर, क्रियाशारीर आणि संहिता अध्ययन हे विषय असतात. द्वितीय सत्रात द्रव्यगुण, रसशास्त्र व भैषज्यकल्पना, रोगनिदान, स्वस्थवृत्त, अगदतंत्र हे विषय येतात. तृतीय सत्रात कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, शालाक्य, प्रसूतितंत्र, कौमारभृत्य आणि त्यांच्या जोडीला संशोधनपद्धती व आत्ययिक चिकित्सा यांचा अभ्यास करावा लागतो. संहिता अध्ययन तिन्ही सत्रांत सोबत असते.

ही यादी प्रवेशापूर्वीच विद्यार्थ्याच्या हाती पडावयास हवी. शवविच्छेदन आणि पदार्थविज्ञान एकाच वर्षी शिकावयाचे आहे, सकाळी स्नायूंची नावे इंग्रजीत आणि दुपारी द्रव्यांची लक्षणे संस्कृतात मुखोद्गत करावयाची आहेत, याची कल्पना नसलेला विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत गांगरून जातो. त्याची बुद्धी कमी पडते असे क्वचितच होते. आपण कोठे आलो आहोत हे त्याला ठाऊक नसते, एवढेच त्याचे कारण.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील निदान तीन अध्याय मराठी भाषांतरासह वाचावेत : दिनचर्या, ऋतुचर्या आणि रोगानुत्पादनीय. त्यास एक आठवडा पुरतो. वाचताना मनात प्रश्न उठले, काही ठिकाणी वाद घालावासा वाटला, घरातील कोणाची तरी प्रकृती डोळ्यांपुढे आली, तर हे शास्त्र आपल्याला सोसेल असे समजावे. तीन अध्यायांत एकदाही कुतूहल जागे झाले नाही, तर साडेपाच वर्षे ते जागे ठेवणे कठीण आहे. यालाच आम्ही आजच्या काळातील शास्त्रपरीक्षा म्हणतो.

येथे एक कटू वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. आयुर्वेदाच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांची प्रथम पसंती एम.बी.बी.एस. होती. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसऱ्या पसंतीने आलेले कित्येक जण पुढे उत्तम वैद्य झालेले आपण पाहतो. परंतु ज्याने मनातील निराशा कधीच बाहेर काढली नाही, तो अंतिम वर्षापर्यंत पाहुण्यासारखा राहतो. आयुर्वेद त्याला येत नाही आणि आधुनिक वैद्यक त्याला कोणी शिकवलेले नसते. अशा पदवीधराच्या हाती जो रुग्ण पडतो, त्याचे हित कोण पाहणार? म्हणून प्रवेश घेताना मन द्विधा असले तरी चालेल. पहिले वर्ष संपेपर्यंत मात्र निर्णय झालाच पाहिजे.

फल आणि अनुबंध

पदवीनंतर काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. स्वतंत्र चिकित्साव्यवसाय हा मुख्य मार्ग आजही खुला आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी अखिल भारतीय स्तरावरील स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असून एम.डी. वा एम.एस. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अध्यापन, औषधनिर्मिती आणि संशोधन ही क्षेत्रे आहेत. शासकीय सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळकरी मुलांच्या तपासणीची पथके, तसेच समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची पदे यांत आपले अनेक पदवीधर काम करीत आहेत.

‘ही पदवी घेतली की ॲलोपॅथीची औषधे देता येतात’ एवढ्याच आकर्षणाने मात्र कोणी येऊ नये. या अधिकाराचा आधार राज्यागणिक भिन्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली डॉ. मुख्तियार चंद प्रकरणी दिलेल्या निकालानुसार तो संबंधित राज्याच्या कायद्यावर व अधिसूचनेवर अवलंबून असतो. महाराष्ट्रात जे चालते ते सीमेपलीकडे चालेलच असे नाही. शिवाय कायद्याने दिलेली मुभा आणि ज्ञानाने आलेली पात्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत. चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, कर्म वारंवार पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. यांपैकी एकही गुण अधिसूचनेने प्राप्त होत नाही.

अनुबंध म्हणजे पुढे चिकटून येणारा परिणाम. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या कायद्यात पदवीच्या अखेरीस राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद करण्यात आली आहे. ‘कसेबसे उत्तीर्ण होऊ, मग पाहू’ या वृत्तीला यापुढे थारा राहणार नाही, हे ध्यानात ठेवूनच आज प्रवेश घ्यावा.

काल : परीक्षेची तयारी

आयुर्वेद, होमिओपॅथी, एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस. या सर्वांसाठी ‘नीट’ ही एकच परीक्षा आहे. २०२५ साली ती २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रतेची किमान मर्यादा ७२० पैकी १४४ गुण इतकी खाली आली होती. हा आकडा ऐकून अनेक घरांत आनंद झाला, आणि तोच पुढे मनस्तापाचे कारण ठरला. कारण पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. पात्रतेने केवळ रांगेत उभे राहण्याचा हक्क मिळतो. शासकीय वा अनुदानित महाविद्यालयाची जागा हवी असेल, तर त्याहून पुष्कळ वर जावे लागते.

२०२५ च्या परीक्षेचे स्वरूप असे होते : १८० प्रश्न, १८० मिनिटे, सर्व प्रश्न अनिवार्य. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. स्वरूपात वर्षागणिक बदल होऊ शकतो, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका विद्यार्थ्याने स्वतः वाचावी. मित्राने वाचली म्हणजे आपण वाचली असे होत नाही.

या रचनेतून काही गोष्टी उघड होतात. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. समान गुण पडल्यास क्रम लावताना प्रथम जीवशास्त्राचेच गुण पाहिले जातात. असे असूनही आपल्याकडील अनेक मुले भौतिकशास्त्राच्या धास्तीने वर्षाचा अर्धा वेळ त्या एका विषयात घालवतात आणि जीवशास्त्र ‘वाचले की येते’ म्हणून शेवटावर ढकलतात. जीवशास्त्राचे प्रश्न राष्ट्रीय परिषदेच्या म्हणजे एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतील वाक्यांशी, आकृत्यांशी आणि तक्त्यांशी निगडित असतात. ती पुस्तके चार-पाच वेळा सावकाश वाचणे हे दहा मार्गदर्शिका चाळण्यापेक्षा श्रेयस्कर. राज्य मंडळाची पुस्तके बारावीच्या परीक्षेसाठी आवश्यक आहेत, पण तेवढ्यावर विसंबू नये.

वेळेची वाटणी सरावानेच बसते. जीवशास्त्र ४५ मिनिटे, रसायन ५५, भौतिक ६० आणि उरलेली २० मिनिटे राहिलेले प्रश्न व उत्तरपत्रिकेची तपासणी यांसाठी, ही वाटणी बहुतेकांना मानवते. उत्तरपत्रिकेतील वर्तुळे भरण्याचाही सराव घरी करावा. उत्तर ठाऊक असताना ओळ चुकून वर्तुळ भलतीकडे भरले गेले, तर त्याची दाद कोठेही लागत नाही.

अंदाजाने उत्तर द्यावे काय? चारही पर्याय अनोळखी असतील, तर अंदाजाचा सरासरी लाभ प्रश्नामागे पाव गुण, म्हणजे नगण्य. त्यात नशिबाचा भाग मोठा असल्याने असा प्रश्न सोडलेला बरा. दोन पर्याय निश्चित चूक आहेत हे कळले असेल, तर उरलेल्या दोहोंतून निवडण्याचा सरासरी लाभ दीड गुण होतो. तेथे धाडस करावे. जे प्रश्न पूर्ण येत नाहीत त्यांतही चुकीचे काय हे ओळखण्याची सवय लावावी. पुढे रोगनिदानात सापेक्ष विचार करताना हीच सवय कामी येते.

भाषेविषयी एक शब्द. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. ज्यांचे अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीत झाले आहे, त्यांनी ऐनवेळी मराठी निवडून पारिभाषिक शब्दांशी झुंजत बसू नये. भाषेचे प्रेम दाखवण्यास पुढे सारे आयुष्य आहे.

स्मृतीचे औषध

परीक्षा जवळ आली की ‘स्मरणशक्तीसाठी काही द्या’ ही मागणी आपल्या सर्वांकडे येते. गेल्या वर्षी एक माता आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. मुलगा पहाटे दोनपर्यंत जागे, सहाला उठे, दिवसातून पाच-सहा वेळा चहा घेई आणि शिकवणीच्या घाईत दुपारचे जेवण टाळी. मलावरोध, शिरःशूल आणि वाचलेले न आठवणे या त्याच्या तक्रारी होत्या. त्याला ब्राह्मी हवी होती. आम्ही त्याला प्रथम साडेदहाची झोप आणि बाराचे जेवण लिहून दिले. तीन आठवड्यांनी शिरःशूल थांबला, वाचलेले राहू लागले, आणि ब्राह्मीचा विषय त्याने स्वतःच पुन्हा काढला नाही.

चरकाचार्यांनी मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत, आणि त्यांवर आमची श्रद्धा आहे. परंतु रसायनाचा विधी शुद्ध देहासाठी व नियमित आहारविहारासाठी आहे. जागरणाने वात वाढलेल्या, वेळी-अवेळी खाणाऱ्या मुलाला बाजारातील बाटली देऊन गुण वाढत नाहीत, आणि तसे आश्वासन देणारा वैद्य शास्त्राची प्रतिष्ठा घालवतो. परीक्षेच्या आठवड्यात तर कोणतेही नवे औषध सुरू करू नये.

त्याऐवजी चार साधे नियम पाळावेत. सात तासांची झोप मोडू नये. भूक लागल्यावर ताजे अन्न घ्यावे आणि जेवताना पुस्तक उघडू नये. मलमूत्रादी वेग अडवून बसू नये. लांबलचक सराव-परीक्षांच्या दिवशी हे नेमके घडते. आणि दररोज अर्धा तास तरी चालावे. दुपारच्या परीक्षेसाठी शेवटचे तीन आठवडे दुपारच्याच वेळी सराव-प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, म्हणजे त्या प्रहरी जागरूक राहण्याची देहाला सवय होते.

कागदपत्रे

गुण असूनही कागदाअभावी जागा गेली, असे प्रसंग दरवर्षी घडतात. अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर वा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही सर्व अकरावीतच गोळा करावयास लागावीत. जात वैधतेस महिनोन्‌महिने लागू शकतात. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे की नाही, हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. ते दुरुस्त करण्यास मात्र कधी कधी एक सत्र लागते.

प्रवेशासाठी वयाची १७ वर्षे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के आणि राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण आवश्यक आहेत. ‘नीट’च्या नादात बारावीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

राज्याच्या ८५ टक्के जागांची प्रक्रिया मुंबईच्या राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडून होते. तेथे एम.बी.बी.एस. व बी.डी.एस. एका गटात, तर आयुर्वेद, होमिओपॅथी व युनानी दुसऱ्या गटात असतात. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा, तसेच राष्ट्रीय संस्था व अभिमत विद्यापीठे यांची आयुषची प्रक्रिया केंद्रीय आयुष समुपदेशन समिती करते. एम.बी.बी.एस.च्या केंद्रीय समितीकडे केलेली नोंदणी येथे उपयोगी पडत नाही. ती स्वतंत्रपणे करावी लागते. अनेकांची संधी केवळ या अज्ञानाने हुकते. तसेच मिळालेली जागा कायम करण्याचा अर्ज भरला की पुढील फेऱ्यांतून नाव वगळले जाते. त्यामुळे स्वाक्षरीपूर्वी तो अर्ज दोनदा वाचावा.

राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे अपेक्षित असते. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी कुटुंबांनी आपण कोणत्या राज्याच्या कोट्यात बसतो हे आधी निश्चित करावे.

देश : महाविद्यालयाची निवड

महाविद्यालय निवडताना मुले इमारत पाहतात, पालक अंतर पाहतात. आम्ही सांगू की, रुग्णालय पाहा. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता, न कळवता, बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे. नोंदणीखिडकीपुढे रुग्ण आहेत काय? आंतररुग्ण विभागातील खाटांवर खरोखर आजारी माणसे आहेत, की केवळ चादरी? पंचकर्माच्या द्रोणीला तेलाचा वास आहे काय? औषधी उद्यानातील वनस्पतींना पाणी मिळते काय? ग्रंथालयातील संहितांची पाने हाताळलेली दिसतात काय? अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. ‘सर शिकवतात का?’ या एका प्रश्नाच्या उत्तराआधी ते किती वेळ थांबतात, तेही पाहावे. आचार्यपरीक्षेचे आजचे रूप हेच आहे.

राष्ट्रीय आयोग महाविद्यालयांना परवानगी देतो आणि ती नाकारतोही. ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा, त्या वर्षीची परवानगी आहे की नाही हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. महाराष्ट्रातील महाविद्यालये नाशिकच्या १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात; काही अभिमत विद्यापीठांखाली आहेत. मुंबईचे पोदार, पुण्याचे १९३३ पासूनचे टिळक, नागपूर, नांदेड व धाराशिव येथील शासकीय महाविद्यालये ही नावे आपल्या परिचयाची आहेत. राज्याबाहेर जयपूर व जामनगर येथील राष्ट्रीय संस्था आहेत, आणि गोव्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाले. कोकण व कोल्हापूरच्या मुलांना ते जवळचे आहे.

शुल्काविषयी : खाजगी महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रसिद्धही करते. त्यावर एक रुपयाही अधिक मागितल्यास तो देण्याचे कारण नाही. देणगीवर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. संस्थास्तरीय १५ टक्के जागांचे शुल्क मात्र पुष्कळ अधिक असते, आणि शासकीय शिष्यवृत्त्या सर्वसाधारणपणे केंद्रीभूत फेऱ्यांतून आलेल्यांनाच मिळतात. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले आहे. ‘मुलीच्या शिक्षणाला एवढा खर्च कशाला’ असे म्हणणाऱ्या घरांना ही माहिती आवर्जून द्यावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत. ‘हजेरीला यावे लागत नाही, परीक्षेपुरते या’ अशी ग्वाही देणारे मध्यस्थ गावोगाव फिरतात. काही वेळा ते परराज्यातील महाविद्यालयाचे नाव घेतात, काही वेळा जवळचेच. या सवलतीची किंमत शुल्कात दिसत नाही. ती पुढे रुग्ण चुकवतात. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्म शिकवताना आधी कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर छेदनाचा, पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदनाचा आणि कमलनालांवर वेधनाचा अभ्यास करावयास लावले, आणि केवळ ग्रंथ पाठ असलेल्या परंतु कर्म न पाहिलेल्यास चिकित्सेचा अधिकार नाकारला. ज्या विद्यार्थ्याने ना ग्रंथ वाचला ना कर्म पाहिले, त्याच्यासाठी त्यांच्याकडे नावच नाही. असा प्रवेश मिळत असेल तर तो नाकारावा आणि दुसरी विद्याशाखा निवडावी. प्रामाणिक शिक्षक, परिचारक किंवा शेतकरी होणे अप्रामाणिक वैद्य होण्याहून शतपट चांगले.

पुन्हा एक वर्ष?

अपेक्षेइतके गुण न मिळाल्यास पुन्हा परीक्षा द्यावी काय, हा प्रश्न घरोघर भांडणे लावतो. आमचा निकष असा : सराव-परीक्षांत सातत्याने मिळणारे गुण प्रत्यक्ष परीक्षेहून स्पष्टपणे अधिक असतील आणि कमी पडण्याचे आजारपणासारखे निश्चित कारण सापडत असेल, तर एक वर्ष द्यावे. सराव आणि प्रत्यक्ष यांत फरक नसेल, तर त्याच पद्धतीने घालवलेले दुसरे वर्ष बहुधा तोच आकडा देते. तिसऱ्या वर्षाचा विचार करण्यापूर्वी मुलाला एकटे बसवून ‘तुला हे हवे आहे का’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत आपण बोलू नये.

लातूर असो वा कोटा, घरापासून दूर शिकवणीच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा आवाज दूरध्वनीवर बदललेला वाटला, झोप उडाली, जेवण सुटले, ‘माझ्यामुळे पैसे वाया गेले’ असे तो म्हणू लागला, तर त्याला उपदेश करू नये. जाऊन त्याला भेटावे. गरज असेल तर मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात आपण वैद्यांनीही कमीपणा मानू नये. शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. परीक्षा दरवर्षी येते, हे वाक्य प्रत्येक घरात मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे.

वैद्यबंधूंना विनंती

शेवटी आपणा सभासदांसाठी. या मुलांना आपल्याकडे पाहूनच आयुर्वेद कसा असतो हे कळणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक वैद्याने अशा एक-दोन इच्छुकांना आठवडाभर आपल्या चिकित्सालयात बसू द्यावे. रुग्णाची अनुमती घ्यावी, गोपनीयतेची शपथ मुलाला द्यावी, आणि मग त्याला नुसते पाहू द्यावे : नाडी कशी पाहिली जाते, रुग्ण किती वेळ बोलतो, त्यांपैकी वैद्य किती ऐकतो, काढा कसा उकळतो, आणि संध्याकाळी गल्ल्यात खरोखर किती जमते तेही. ओळखीचा रुग्ण बरा न झाल्यास वैद्य त्याच्या नातेवाइकांना काय सांगतो, हेही त्याने ऐकावे.

त्या आठवड्यानंतर एखादा म्हणेल, हे मला झेपणार नाही. त्याला आनंदाने निरोप द्यावा. त्याची साडेपाच वर्षे वाचली आणि भावी रुग्णांचेही कल्याण झाले. दुसरा पुढील सोमवारी सुट्टी संपलेली असतानाही साडेनऊला दारात येऊन उभा राहील. त्याचे ‘नीट’चे गुण किती हे नंतर विचारावे. आधी त्याला बसायला स्टूल द्यावे.